किसान क्रेडिट कार्ड : काढताना आणि भरताना



तुरीची सवंगणी आटोपते, पऱ्हाटीचा शेवटचा वेचा घरात येतो आणि काटोलपासून उमरेडपर्यंत गावोगावच्या पारावर एकच बोलणं सुरू होतं, "मार्च आला, आता नवं-जुनं करा लागते." ज्या कार्डामुळं सावकाराचा उंबरठा सुटायला पाहिजे होता, ते कार्ड चालू ठेवण्यासाठीच वर्षातून एकदा सावकाराच्या दारी जाणारे कास्तकार आपल्या भागात थोडे नाहीत. असं का घडतं आणि ते टाळता येतं का, याचा विचार या पत्रकात करावयाचा आहे. त्यासाठी आधी हे कार्ड काय आहे ते नीट समजून घेऊ.

हे कार्ड म्हणजे काय?

शहरातला नोकरदार माणूस क्रेडिट कार्ड वापरतो, त्याच्याशी आपल्या कार्डाचं नाव तेवढं जुळतं. तो महिनाभर उधार खरेदी करतो आणि पगार झाला की बिल भरतो. बिल थकलं की महिन्याला शेकडा तीन-साडेतीन व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. कास्तकाराला महिन्याचा पगार नसतो. त्याचा पैसा पेरणीला जातो आणि सुगीला येतो. म्हणून १९९८-९९ च्या केंद्राच्या अंदाजपत्रकात वेगळी योजना जाहीर झाली आणि नाबार्डनं ती आखून दिली. तेच किसान क्रेडिट कार्ड. त्याआधी दर हंगामाला नवा अर्ज, नवे कागद, नवे हेलपाटे असायचे. पेरणी होऊन जायची आणि कर्ज मागून यायचं. कार्ड आल्यावर एकदा कागद झाले की काही वर्षांसाठी मर्यादा ठरू लागली. २०१२ साली नियम सुधारले आणि एटीएमवर व दुकानातल्या यंत्रावर चालणारं रुपे कार्ड मिळू लागलं.

म्हणजे कार्ड हा नुसता तुकडा आहे. खरी वस्तू आहे ती त्याच्यामागचं पीककर्जाचं खातं. कार्ड पेटीत कुलूपबंद असलं तरी खात्यावरचं कर्ज जागंच असतं. पुष्कळ कास्तकारांच्या हाती कार्ड कधी पडतच नाही. ते शाखेत जाऊन स्लिप भरून पैसा काढतात, तरी त्यांचं खातं किसान क्रेडिट कार्डाचंच असतं.

ज्यांनी अजून खातं काढलेलं नाही त्यांनी सातबारा, आठ-अ, आधार, पॅन आणि फोटो घेऊन आपल्या गावाला जोडलेल्या शाखेत किंवा सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवाकडे जावं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असावी, म्हणून ई-पीक पाहणी टाळू नये. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही काढून ठेवावा. दुसऱ्या कोणत्या बँकेत पीककर्ज असल्यास लपवू नये, ते संगणकावर दिसतंच. ३ लाखांपर्यंतच्या कार्डासाठी अर्ज छाननीचा, कागदपत्रांचा, पाहणीचा खर्च घेऊ नये असं २०१९ सालीच बँकांना सांगण्यात आलेलं आहे. तेव्हा बँकेच्या दारात उभा राहून "साहेबाला द्यावं लागते" म्हणणारा मध्यस्थ जे मागतो ते बँकेचं नव्हे, त्याचं स्वतःचं असतं. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण देण्याची किंवा जामीनदार आणण्याची गरज ठेवलेली नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. पिकावर मात्र बँकेचा हक्क राहतो.

बटईनं किंवा मक्त्यानं वावर करणाऱ्यांनाही योजनेत जागा आहे. पण हाती कागद नसल्यामुळं त्यांची अडचण होते. चार-सहा जणांनी मिळून संयुक्त देयता गट करणं हा त्यातला चालणारा मार्ग. जनावरं पाळणाऱ्यांना आणि मासेमारी करणाऱ्यांनाही २०१९ पासून हे कार्ड मिळतं.

मर्यादा किती बसते?

कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं याचा दर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. समजा, कापसाचा दर हेक्टरी ६० हजार आणि सोयाबीनचा ५० हजार धरला. तुमच्याकडे दोन्ही एकेक हेक्टर असेल तर १ लाख १० हजार झाले. यावर १० टक्के, म्हणजे ११ हजार, घरखर्च आणि सुगीनंतरच्या खर्चासाठी, आणि २० टक्के, म्हणजे २२ हजार, अवजारं-विहीर-पंप यांच्या देखभालीसाठी. एकूण १ लाख ४३ हजार. पीकविम्याचा हप्ता त्यावर वेगळा. २०१२ च्या नियमांत पुढच्या प्रत्येक वर्षी १० टक्के वाढही धरलेली आहे. प्रत्यक्षात काही शाखा नुसत्या पीकदराइतकंच कर्ज देतात. तेव्हा मर्यादा कशी बसवली, हे मंजुरीच्या वेळीच विचारून घ्यावं. विचारण्यात कमीपणा नाही.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात आली असेल. घरखर्चाला १० टक्के नियमातच धरले आहेत. कास्तकाराचं घर आणि वावर वेगळं काढता येत नाही, हे योजना करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून कार्डातून किराणा भरला तर काही पाप झालं असं नाही. पण लेकीचं लग्न, मोटारसायकलचा पहिला हप्ता, घराची स्लॅब, हे खर्च त्या ११ हजारांत बसत नाहीत. ते बियाण्याच्या नि खताच्या पैशातून जातात. मग तेच बियाणं, तेच खत कृषी केंद्रातून उधारीवर आणावं लागतं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, आणि पुष्कळदा माल त्याच दुकानदाराला किंवा त्याच्या व्यापाऱ्याला घालण्याची अट असते. म्हणजे महाग घ्यायचं आणि स्वस्त विकायचं. लग्न बँकेच्या पैशात झालं असं वाटतं, पण ते सोयाबीनच्या भावातून फिटत राहतं.

व्याज कसं लागतं?

३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीमुळं वर्षाला ७ टक्के दर लागतो. मुदतीत पूर्ण फेड केली तर त्यातले ३ टक्के केंद्र सोडतं. त्यावर आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. पंजाबराव आपल्या विदर्भाचे, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री. त्यांच्या नावानं मिळणारी ही सवलत २०२१-२२ पासून अशी झाली, की वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. काही बँका आधी व्याज भरून घेतात आणि सवलतीची रक्कम मागाहून खात्यावर जमा करतात. ती जमा झाली की नाही, हे पासबुकात पाहावं. नसेल तर विचारावं. पुष्कळ जण पाहतच नाहीत.

सगळं अडलेलं आहे ते "वेळेवर" या एका शब्दावर. मुदत उलटली की सवलत गेली, आणि पुढं बँकेचा नेहमीचा दर लागू होतो. १ लाख ४० हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे ९ हजार ८०० होतात. म्हणजे वेळेवर भरणाऱ्यानं एवढी रक्कम वाचवली. एका क्विंटल कापसापेक्षा जास्तच.

दुसरी गोष्ट. व्याज मंजूर मर्यादेवर लागत नाही, काढलेल्या रकमेवर लागतं, आणि तेही जितके दिवस पैसा बाहेर असेल तितक्याच दिवसांचं. म्हणून जूनमध्ये एकाच दिवशी सगळी मर्यादा उचलून घरी आणणं बरं नव्हे. पेरणीला लागेल तेवढं जूनमध्ये काढावं, डवरणी-निंदण आणि खताचा दुसरा हप्ता यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये, फवारणीसाठी गरजेप्रमाणे, आणि वेचणीच्या मजुरीसाठी थोडं राखून ठेवावं. कापूस झाडावर फुटून लोंबतो आहे आणि वेचणाऱ्या बायांना द्यायला पैसा नाही, अशी वेळ आली की माणूस पहिला वेचा ओलाच विकतो. घरात आलेल्या पैशाला शंभर वाटा फुटतात, हे घरातल्या बायांना विचारा, त्या नीट सांगतील.

जुन्या काळी दामदुपटीचा नियम होता, म्हणजे व्याज कितीही चढलं तरी मुदलाहून जास्त मागायचं नाही. लहान शेतकऱ्यांच्या अल्पमुदत कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेनंही बँकांना तसंच घालून दिलं आहे. खातं जुनं थकीत असेल आणि मागणीचा आकडा पाहून छाती दडपत असेल, तर आधी हिशेबाचा उतारा मागून मुद्दल किती, व्याज किती ते पाहावं.

भरलेला पैसा अडकत नाही

किसान क्रेडिट कार्डाचं खातं हे व्यापाऱ्याच्या कॅश-क्रेडिट खात्यासारखं फिरतं खातं आहे. त्यात आज भरलेला पैसा, मर्यादा शिल्लक असेपर्यंत, उद्या पुन्हा काढता येतो. ही एक गोष्ट आपल्या लोकांपर्यंत नीट पोचलेलीच नाही. आम्ही गावात बसलो की कास्तकार म्हणतात, "एकदा भरला का पैसा गेला, साहेब. मंग पोराची फी कुठून भरू?" म्हणून सोयाबीनचा चुकारा कपड्यात गुंडाळून पेटीत राहतो, आणि पेटीतून तो मार्चपर्यंत कधी नाहीसा होतो ते कळत नाही.

आपल्या वर दिलेल्या हिशेबातला कास्तकार धरू. त्यानं १ लाख ४३ हजार उचलले आहेत. दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं, ४० हजार खात्यात टाकले. डिसेंबरात कापसाचे ४० हजार टाकले. फेब्रुवारीत तूर कळमन्याला नेली, आणखी ४० हजार भरले. आता राहिले २३ हजार आणि वर जे असेल ते व्याज. एवढा पैसा हरभऱ्यातून किंवा उरलेल्या कापसातून उभा करणं आवाक्यातलं आहे. मध्येच जानेवारीत आजारपण निघालं तर त्याच खात्यातून १० हजार परत काढता येतात, सावकाराकडे जावं लागत नाही. एकदम १ लाख ४३ हजार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमवायचे म्हटलं तर कोणाचीही छाती फुटेल.

मात्र एक इशारा. सगळ्याच शाखा आणि सोसायट्या खातं असं फिरतं ठेवत नाहीत. काही ठिकाणी एकदा उचल, एकदा फेड, आणि पूर्ण फेड झाल्यावरच नवी उचल, अशी पद्धत आहे. आपल्या शाखेची रीत काय, हे पहिला पैसा भरण्याआधी विचारावं. तिथं खातं फिरतं नसेल तर चुकारा त्याच बँकेतल्या बचत खात्यात ठेवावा. पेटीपेक्षा तेही बरं.

संत्र्याच्या बागाइतदारांसाठी दोन शब्द वेगळे. काटोल-नरखेड भागात ज्यांचा मृग बहार असतो, त्यांचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. मार्चच्या मुदतीला तो पुरा हाती आलेला नसतो. फेडीची तारीख पिकाच्या काढणीचा आणि विक्रीचा काळ पाहून ठरवावी असं नियमच सांगतो. तेव्हा मंजुरीच्या वेळीच आपला बहार कोणता हे अर्जात स्पष्ट लिहावं. इतरांनीही आपल्या फेडीची पक्की तारीख शाखेतून लिहून घ्यावी. "मार्च म्हंजे मार्चच" असं गृहीत धरू नये.

नवं-जुनं

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मार्चचा शेवटचा आठवडा. खात्यावर कर्ज उभं आहे, घरात पैसा नाही. गावातला कोणी चार दिवसांसाठी रक्कम देतो, शेकडा दोनच्या बोलीनं. कास्तकार ती बँकेत भरतो, खातं मोकळं होतं, दोन दिवसांनी नवी उचल मिळते, ती त्या माणसाच्या हातात जाते. कागदावर कर्ज फिटलं आणि नवं झालं. घरात एक रुपयाही आला नाही.

याला सरसकट अडाणीपणा म्हणणं बरोबर नाही. १ लाखाचे चार दिवसांचे २ हजार दिले आणि ७ हजार व्याज वाचवलं, हा हिशेब त्या कास्तकाराला पक्का समजतो. पण त्यात दोन खड्डे आहेत. पहिला असा, की मुद्दल तसंच राहतं, आणि नव्या हंगामाच्या पेरणीचा पैसा मार्चमध्येच संपून जातो. जूनमध्ये मर्यादा भरलेली आणि हात रिकामा. मग बियाणं उधारीवर. हे चक्र एकदा सुरू झालं की तीन-चार वर्षं थांबत नाही. चार दिवसांचे शेकडा दोन म्हणजे वर्षाचा दर शेकडा १८२ पडतो. कोणत्याही शहरी कार्डाच्या चौपटीहून जास्त.

दुसरा खड्डा त्याहून वाईट. बँकेनं लगेच नवी उचल दिली नाही तर? माझ्याच भावकीतल्या एका कास्तकाराचं असं झालं. २८ मार्चला त्यानं १ लाख ४० हजार भरले, चार दिवसांचे अडीच हजार ठरवून आणलेले. बँकेत आधी वर्षअखेरीची गर्दी, मग साहेबांची बदली, मग "नवा सातबारा आणा", मग "वारसाची सही राहिली". उचल मिळाली २४ जूनला. पैसेवाल्यानं चार दिवसांनंतर शेकडा चार महिना लावला. तीन महिन्यांचे १६ हजार ८००, अधिक आधीचे अडीच हजार, एकूण १९ हजार ३००. व्याजाचे ९ हजार ८०० वाचवायला गेला आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट देऊन आला. त्यात गोऱ्ह्यांची जोडी विकावी लागली. त्या शाखेचं नाव घेऊन काही उपयोग नाही. असं कोणत्याही शाखेत होऊ शकतं, कारण फेड झाली की लगेच उचल द्यावी असं बंधन कास्तकाराच्या हातात नसतं.

नवं-जुनं करणं अगदीच भाग असेल तर निदान एवढं करावं. पैसा आणण्याआधी महिनाभर शाखेत जाऊन नूतनीकरणाचे सगळे कागद देऊन यावं, काय राहिलं ते विचारावं. सगळी रक्कम बाहेरून आणू नये. घरचं जेवढं भरता येईल तेवढं आधी भरावं आणि उरलेल्यापुरतंच बाहेर हात पसरावा. मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांवर काम ठेवू नये. आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा विक्रीखतावर सही देऊन पैसा घेऊ नये. आपल्या भागात वावरं गेली ती बहुतेक या सहीनं गेली आहेत.

कर्जमाफीची वाट पाहावी का?

हा प्रश्न प्रत्येक गावात निघतो, तेव्हा तो टाळून चालणार नाही. २००८ साली केंद्राची माफी झाली, २०१७ साली राज्याची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना झाली, २०१९ साली महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या वेशीवर, वर्धा रोडवर, याच मागणीसाठी कास्तकार रस्त्यावर बसले होते आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारनं तेव्हा सांगितलं होतं. माफी मागावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा भाग. भाव मिळत नसताना कास्तकारानं गप्प बसावं असं आम्ही म्हणणार नाही.

पण खातं मुद्दाम थकवणं ही वेगळी गोष्ट आहे. प्रत्येक माफीला एक तारीख होती आणि एक मर्यादा होती. २०१९ च्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं पीककर्जच धरलं गेलं, तेही २ लाखांपर्यंत. जो त्या खिडकीत बसला नाही, त्याच्या पदरी चढतं व्याज आणि बंद झालेलं खातं राहिलं. त्याच योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कमही ठेवली होती. ती सगळ्यांना वेळेवर पोचली असं नाही, तो राग खराच आहे. तरी थकीत खात्यावर नवी उचल मिळत नाही, आणि माफीची वाट पाहण्याच्या त्या दोन-तीन हंगामांत पेरणीचा पैसा सावकाराकडूनच येतो. त्या पैशाला माफी नसते.

साल बुडालं तर

अतिवृष्टी झाली, सोयाबीन वावरातच कुजलं, बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, अशा वर्षी नवं-जुनं करण्याच्या मागं लागू नये. सरकारनं आपत्ती जाहीर केली आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त धरलं गेलं, तर पीककर्जाचं पुनर्गठन करता येतं. म्हणजे ते कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत फेडायचं आणि नव्या हंगामासाठी नवी उचल मिळते. यासाठी पंचनाम्यात आपलं नाव आहे का हे तलाठ्याकडे पाहावं आणि शाखेत लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. पुनर्गठनानंतर पुढं दर बदलतो, तेव्हा हप्ता किती बसणार हे सहीआधी विचारावं.

पीकविम्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही विमा ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी तसं लिहून द्यावं लागतं, नाही तर बँक हप्ता कापून घेते. राज्याची एक रुपयातली सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आहे. विम्यात पिकाचं आणि गट नंबरचं नाव बरोबर गेलं का, हे पावतीवर पाहावं. वावरात तूर आणि विम्यात सोयाबीन अशी चूक निघाली की भरपाई बसते.

भाव पडलेले असताना फेडीसाठी माल घाईनं काढण्यापेक्षा बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेकडे पाहावं. कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळते. त्या रकमेतून कार्डाचं खातं मोकळं करता येतं. सगळ्याच समित्या ती चालवत नाहीत, म्हणून सुगीआधी चौकशी करावी.

कार्ड कोणाच्या हातात?

काही गावांत कृषी केंद्रवाला कास्तकाराचं कार्ड आणि पिन नंबर आपल्याजवळच ठेवून घेतो. "तुमाले येजा कशाले, मी काढून घेईन," असं गोड बोलून. असं कार्ड म्हणजे कोरा चेकच. दुकानात कार्ड वापरायचं तर आपल्यासमोर यंत्रावर वापरावं, आकडा वाचून पिन आपण टाकावा आणि पक्की पावती घ्यावी. पावतीवर बियाण्याचा लॉट नंबर असला पाहिजे. बियाणं उगवलं नाही तर तक्रार त्या नंबरावरच चालते. फोनवर "कार्ड बंद पडते, ओटीपी सांगा" म्हणणारा बँकेचा नसतो. बँक फोनवर पिन वा ओटीपी विचारत नाही.

भगिनींनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावं. खातं कोणत्या शाखेत, मर्यादा किती, किती उचललं, तारीख कोणती, हे घरधन्याला एकट्याला माहीत असून भागत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाचा दौरा केला आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर झाली. त्या काळापासून आपण पाहात आलो, की माणूस गेल्यावर घरच्या बाईला कर्जाचा आकडा पहिल्यांदा बँकेच्या नोटिशीतून कळतो. खातेदार गेला तर वारस फेरफार लवकर करून घ्यावा. तो होईपर्यंत नवी उचल मिळत नाही, व्याज मात्र चढत राहतं. शाखेत मृत्यूचा दाखला देऊन खात्याला काही विमा जोडलेला होता का, हेही विचारावं. आणि कर्ज फार झालं म्हणून घरातला माणूस अबोल झाला, रात्री झोपत नाही असं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नये. पासबुक घेऊन दोघांनी मिळून शाखेत जावं. थकीत खात्यालाही पुनर्गठन किंवा तडजोड असे मार्ग निघतात.

बँक दाद देत नसेल तर

आपल्या जिल्ह्यात मध्यवर्ती सहकारी बँकेचा २००२ सालचा रोखे घोटाळा झाला, तिचं कर्जवाटप आटलं आणि पुष्कळ कास्तकारांना राष्ट्रीयीकृत बँकांकडे वळावं लागलं. त्या शाखांत गर्दी जास्त आणि माणसं कमी. तरी अर्ज पूर्ण असल्यास दोन आठवड्यांत निर्णय द्यावा, असं बँकांना सांगितलेलं आहे. अर्ज तोंडी करू नये, लेखी द्यावा आणि दिनांकासह पोच घ्यावी. नकार असेल तर कारण लेखी मागावं. शाखा व्यवस्थापकानं ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जावं. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शेतीच्या इतर माहितीसाठी किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१.

सावकारानं वावर लिहून घेतलं असेल तर त्यालाही कायदा आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा. अर्जासोबत सातबारा, फेरफार, विक्रीखताची नक्कल आणि पैशाच्या देवघेवीचा जो काही पुरावा असेल, चिठ्ठी, डायरीतलं पान, साक्षीदारांची नावं, तो जोडावा. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, नकला द्याव्यात.